टिन पॅन आळी

बेसबॉल मला कळत नाही. जावयाने दोनदा समजावून सांगितलं, नातीने कागदावर चौकोन काढून कोण कुठून कुठे पळतो तेही दाखवलं, तरी माझं डोकं गल्ली क्रिकेटच्या पलीकडे गेलं नाही. पण सातव्या इनिंगच्या मध्यावर जे घडलं ते मला पुरतं कळलं. न्यू जर्सीतल्या त्या लहानशा मैदानावर एकाएकी सगळी माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं राष्ट्रगीत असणार. हातातली शेंगांची पिशवी सांभाळत मीही घाईघाईने उभा राहिलो. स्पीकरवर ऑर्गन वाजला आणि पोरंटोरं, म्हातारे, बियरचे ग्लास धरलेले दांडगे बाप्ये डोलत डोलत एक गाणं म्हणायला लागले. तीन-तीन मात्रांचं, आपल्या दादऱ्यात अलगद बसेल असं. माझी बोटं समोरच्या कठड्यावर ठेका धरून बसली. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस दुसरं काय करणार?

गाणं अर्ध्या-पाऊण मिनिटात संपलं, लोक खाली बसले, खेळ पुढे चालू. मला मात्र राहवेना. घरी आल्यावर नातीला म्हटलं, हे गाणं शोधून दे.

गाणं १९०८ सालचं निघालं. ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’. शब्द जॅक नॉरवर्थचे, चाल आल्बर्ट फॉन टिल्झरची. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून जाताना नॉरवर्थला बेसबॉलच्या सामन्याची पाटी दिसली आणि त्याने तिथेच कागदावर शब्द खरडले, अशी हकीकत आहे. गंमत म्हणजे तोवर दोघांपैकी एकानेही मोठा सामना पाहिलेला नव्हता. नॉरवर्थने तो पाहिला १९४० साली, गाणं लिहून बत्तीस वर्षांनी.

पण खरी गंमत पुढे आहे. मैदानावर जे म्हणतात ते नुसतं पालुपद. त्याच्याआधी दोन कडवी आहेत आणि त्यात एक गोष्ट आहे. केटी केसी नावाची मुलगी बेसबॉलची वेडी. शनिवारी तिचा मित्र येतो नि विचारतो, नाटकाला येतेस का? ती म्हणते, नाटक नको, त्यापेक्षा असं कर, आणि तिथून पालुपद सुरू होतं. म्हणजे ते सगळं पालुपद हे एका पोरीचं उत्तर आहे. शंभराहून अधिक वर्षं अमेरिकेतले बाप्ये उभं राहून केटीच्या तोंडचं वाक्य म्हणताहेत आणि केटी कुणाच्या गावी नाही.

केटीसाठी हळहळलो आणि तिचं माहेर शोधायला निघालो.

माहेर म्हणजे न्यूयॉर्कमधला अठ्ठाविसावा रस्ता. जर्सीहून न्यूयॉर्कला जाणारी पाथ नावाची रेल्वे धरली, तेविसाव्या रस्त्याला उतरलो आणि सहाव्या ॲव्हेन्यूने पाच रस्ते वर चालत गेलो. तिथे फुलांचा घाऊक बाजार आहे. फुटपाथवर कुंड्या, झाडं, पाण्याच्या बादल्या. ते ओलांडून ब्रॉडवेच्या दिशेला वळलं की काही जुनी, अंगाने बारीक घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. सत्तेचाळीस ते पंचावन्न नंबरची. खाली दुकानं, वर रंग उडालेल्या खिडक्या. मुद्दाम थांबून पाहावं असं काही नाही. फुटपाथमध्ये एक धातूची पाटी बसवलेली आहे, तिच्यावरून लोक चालत जातात. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिका जी गाणी गात होती त्यांतली कितीतरी या घरांत तयार होत होती.

या भागाला नाव पडलं टिन पॅन ॲली. पत्र्याच्या भांड्यांची आळी. प्रत्येक मजल्यावर प्रकाशकांची कचेरी, प्रत्येक कचेरीत एक-दोन स्वस्तातले उभे पियानो, आणि उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या. मन्रो रोझनफेल्ड नावाच्या वार्ताहराने, जो स्वतःही गाणी लिहायचा, हा गलका ऐकून त्याला पत्र्याची भांडी बडवल्याची उपमा दिली, असं सांगतात. तो बसला होता हॅरी फॉन टिल्झरच्या कचेरीत, म्हणजे वरच्या आल्बर्टच्या थोरल्या भावाच्या. हॅरीने म्हणे पियानोच्या तारांत कागदाच्या पट्ट्या खोवून आवाज मुद्दाम पत्र्यासारखा केला होता. खरंखोटं देव जाणे. प्रत्येक आळीला आपल्या नावाची एक दंतकथा लागतेच.

मी पुण्याच्या कसब्यात वाढलो. शाळेत जाताना वाटेत तांबट आळी. सकाळी आठला हातोड्या सुरू व्हायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. नवख्या माणसाला नुसता कल्लोळ वाटायचा, पण आळीतला म्हातारा तांबट आवाजावरून सांगायचा की कोणाच्या दुकानात हंडा चाललाय आणि कोणाच्या दुकानात घंगाळ. त्यामुळे अठ्ठाविसाव्या रस्त्यावर उभं राहिल्यावर मला ॲली हा शब्द परका वाटला नाही. आळीच ती. एका धंद्याची माणसं एका रांगेत बसून दिवसभर ठोकाठोक करताहेत आणि शेजारच्याचं काय चाललंय यावर कान ठेवून आहेत.

आणि धंदा म्हणजे अगदी धंदाच. या आळीतल्या मालकांची पूर्वायुष्यं पाहिली तर संगीताची उस्तादी फारशी सापडत नाही, विक्रीची सापडते. लिओ फाइस्ट आधी कॉर्सेट, म्हणजे बायकांची कंबर आवळणारी बंडी, विकायचा. एडवर्ड मार्क्स बटणं विकत फिरायचा, त्याचा भागीदार जोसेफ स्टर्न नेकटाय. विटमार्क भावंडांची गोष्ट सगळ्यांत गोड. शाळेत गणितात बक्षीस म्हणून एकाला खेळण्यातला छापखाना मिळाला, त्यावरून भावंडं छपाईत पडली. कायद्याने अज्ञान, म्हणून कंपनी बापाच्या नावाने काढली. १८८६ साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड लग्न करणार अशी वदंता उठली तशी पोरांनी लग्नाच्या मिरवणुकीची धून, वेडिंग मार्च, छापून तयार ठेवली! पुढे १८९३ साली अठ्ठाविसाव्या रस्त्यावर बिऱ्हाड हलवणाऱ्या पहिल्या प्रकाशकांपैकी हेच.

विकायचं होतं काय? कागद. हे मला समजायला जरा वेळ लागला. आमच्या लहानपणी सिनेमाच्या थिएटरबाहेर गाण्यांची चोपडी मिळायची. तिच्यात नुसते शब्द असत. चाल कानात भरून घरी न्यायची, विसरली तर पुन्हा तिकीट काढायचं. इथे उलट कारभार. त्या काळी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात दिवाणखान्यात पियानो असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. एकट्या १९०९ सालात त्या देशात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. एवढ्या पियानोंसमोर लेकीबाळी बसणार, त्यांना वाजवायला काहीतरी हवं. तेव्हा गाणं म्हणजे नोटेशन छापलेला दुमडलेला मोठा कागद, वर रंगीत चित्र, कोपऱ्यात ते गाणं रंगमंचावर म्हणणाऱ्या गायकाचा फोटो.

असा एक कागद माझ्याकडे आहे. जर्सीतच कोणाच्या तरी अंगणात जुन्या सामानाची विक्री चालली होती, तिथे दोन डॉलरला मिळाला. कडा पिवळ्या पडून झिजलेल्या. गाणं ‘आफ्टर द बॉल’, चार्ल्स के. हॅरिसचं.

हा हॅरिस मिलवॉकीचा. बँजो वाजवायचा, नोटेशन लिहिता येत नव्हतं. गुणगुणून दाखवायचं आणि जाणकाराकडून उतरवून घ्यायचं. दारावर पाटी लावली होती, गाणी मागणीनुसार लिहून मिळतील. (शिंप्याची पाटी आणि ही, काय फरक?) आधी एक गाणं त्याने दुसऱ्या प्रकाशकाला दिलं होतं, त्याची रॉयल्टी आली पंचाऐंशी सेंट. तेव्हा गड्याने ठरवलं की पुढचं आपणच छापायचं. ‘आफ्टर द बॉल’ १८९१-९२ चं. एका म्हाताऱ्याला त्याची लहानगी पुतणी विचारते, काका, तुम्ही लग्न का नाही केलंत? तो सांगतो: एका नृत्याच्या रात्री मी माझ्या प्रेयसीला पाणी आणायला गेलो, परत आलो तर कोणी एक माणूस तिचं चुंबन घेत उभा. मी पाठ फिरवली ती कायमची. ती झुरून गेली. वर्षांनी कळलं, तो तिचा भाऊ होता.

पाणावले ना डोळे? माझे पाणावले, आणि स्वतःचा रागही आला. हे इतकं उघडउघड रडवणारं आहे की आपल्या संगीत नाटकाच्या तिसऱ्या अंकातही प्रेक्षक कुजबुजले असते. पण प्रत्येक कडव्यानंतर पालुपद येतं ते असं झुलत येतं, की गोष्टीतला मूर्खपणा विसरून माणूस डोलायला लागतो. कडवी म्हणजे दुःखाचा तपशील, पालुपद म्हणजे त्या दुःखावरचा झोपाळा. हॅरिसला हे नेमकं कळलं होतं.

पुढचं त्याला त्याहून नेमकं कळलं होतं. ‘ए ट्रिप टू चायनाटाउन’ नावाचं नाटक मिलवॉकीला आलं होतं. त्यातल्या जे. आल्ड्रिच लिबी या गायकाला हॅरिसने पाचशे डॉलर आणि विक्रीतला वाटा कबूल केला आणि गाणं नाटकात घुसवलं. कथानकाशी काडीचा संबंध नाही! लोकांनी डोक्यावर घेतलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सूसा या नामवंत बँडमास्तराच्या बँडने ते वाजवलं आणि देशभरातून आलेले लोक ते कानात घेऊन आपापल्या गावी गेले. पहिल्या भरात वीस लाखांवर प्रती खपल्या, कालांतराने पन्नास लाखांच्या वर. गाणं हा कारखान्यात काढण्याजोगा माल आहे हे आळीला इथे पटलं.

माल म्हटला की खपवणारे आले. त्यांना सॉन्ग प्लगर म्हणत. दिवसा कचेरीतल्या खुराड्यात पियानोवर बसायचं, आलेल्या नटनट्यांना नवी गाणी वाजवून दाखवायची, त्यांना चालेल त्या पट्टीत. संध्याकाळी दारूचे गुत्ते, हॉटेलं, मोठाली दुकानं, सायकलच्या शर्यती, जिथे चार माणसं जमतील तिथे जाऊन तेच गाणं घसा बसेस्तोवर म्हणायचं. व्होडव्हिल म्हणजे गाणी, नाच, नकला असा मिसळीचा खेळ; त्याच्या थिएटरात आणखी बनेल युक्ती. गायिकेचं गाणं संपलं की माडीवरच्या प्रेक्षकांतून एक पोरगा भारावून गेल्यासारखा उठायचा आणि पालुपद पुन्हा म्हणायचा. सगळं थिएटर त्याच्यामागून गायला लागायचं. पोरगा अर्थातच प्रकाशकाच्या पगारावर. आमच्या मंडळातही एक गृहस्थ होते, बुवांनी अभंग संपवत आणला की मागून ‘वाऽऽ, पुन्हा एकदा’ म्हणायचे. पुढे कळलं, ते बुवांचे साडू. तर ही विद्या सार्वत्रिक आहे.

असाच एक प्लगर १९१४ साली रेमिक या प्रकाशकाच्या कचेरीत लागला. वय पंधरा, शाळा सोडलेली, आठवड्याला पंधरा डॉलर. दुसऱ्यांची गाणी दिवसभर बडवता बडवता त्याची बोटं अशी तयार झाली की पुढे संगीतकार जॉर्ज गर्श्विन म्हणून जग त्याला ओळखू लागलं. रेमिकवाल्यांना त्याची स्वतःची गाणी मात्र नको होती.

पण माझा जीव जडला तो आर्विंग बर्लिन या गीतकार-संगीतकारावर. कारण सांगतो. हा मूळचा इझ्रायल बेलीन, रशियन साम्राज्यातून १८९३ साली पाच वर्षांचा असताना आलेला. बाप सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना गाणारा, मुलगा तेरा वर्षांचा असताना गेला. पोरगा घर सोडून गुत्त्यांतून गाऊ लागला, पुढे चायनाटाउनमधल्या एका हॉटेलात गाणारा वेटर झाला. १९०७ साली पहिलं गाणं छापून आलं, त्यातून त्याच्या वाट्याला सदतीस सेंट आले. रशियातून आलेल्या ज्यू पोराने चायनाटाउनमध्ये बसून एका इटालियन मुलीवर लिहिलेलं गाणं! न्यूयॉर्क म्हणजे काय हे यापेक्षा थोडक्यात कोणी सांगू नये.

तर या बर्लिनला नोटेशन येत नव्हतं, आणि पियानो एकाच पट्टीत वाजवता यायचा. कुठल्या? काळी तीन! वाचलं आणि मी खुर्चीतच उडालो. पेटीवाल्यांना सांगायला नको, काळी तीनला सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवत गेलं की आयता भूप. शिकवणी न झालेल्या पोराच्या हाताखाली त्या उंच पट्ट्या सहज येतात, पांढऱ्यांच्या सपाट माळरानात बोट चुकतं. मीही असाच शिकलो, वडिलांची पेटी ते ऑफिसला गेले की चोरून वाजवत. बर्लिन पांढऱ्याही घ्यायचा, पण मुक्काम काळ्यांवर. मग बाकीच्या पट्ट्यांचं काय? त्याने एक खास पियानो घेतला होता, खाली एक दांडा, तो फिरवला की सगळा पट्ट्यांचा संच सरकून हातोड्या दुसऱ्या तारांवर पडतात. हात तिथेच, स्वर भलतीकडे. म्हणजे आपली स्केल चेंजर पेटी! त्या पियानोवर त्याने जन्मभर गाणी केली आणि एकशे एक वर्षांचा होऊन गेला. त्यातला एक पियानो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

१९२० च्या सुमारास त्याने गाणं लिहिण्याचे नियम सांगितले होते. चाल सामान्य माणसाच्या गळ्याच्या पल्ल्यात राहावी. गाण्याचं नाव कानात ठसेल असं पुन्हा पुन्हा यावं. पुरुषालाही म्हणता यावं, बाईलाही. आ, ओ अशा तोंड उघडून लांबवता येणाऱ्या स्वरांचे शब्द असावेत. आणि हा धंदा आहे असं समजून कष्ट करावेत. वाचताना मला जरा लागलं. आपल्याकडे चाल सुचली म्हणजे पांडुरंगाने दिली. पण मग आठवलं, आमच्या मंडळात नवी चाल बसवताना आम्ही तरी काय बघतो? मागे बसलेल्या कुलकर्णी काकूंना झेपेल का, एवढंच. बर्लिनच्या मनात अशा दहा लाख काकू होत्या.

गाण्याची घडण या काळात हळूहळू बदलत गेली. आपल्याकडे ध्रुवपद आधी येतं, अंतरा नंतर. त्यांच्याकडे उलट, आधी कडव्यात गोष्ट आणि मग पालुपद. हॅरिसच्या जमान्यात तीन-तीन लांबलचक कडवी असायची. मग रंगमंचावर घाई वाढली, नाच वाढला, तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत सगळं बसवायची वेळ आली. कडवी तीनाची दोन झाली, दोनाचं एक. पालुपद मात्र अंगाने भरलं. विशीच्या दशकापर्यंत त्याचा साचाच ठरून गेला, बत्तीस बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन), आठ-आठांचे चार तुकडे. पहिली ओळ, पुन्हा त्याच चालीची दुसरी, मग एकदम वेगळं वळण, आणि शेवटी परत पहिली चाल. ते तिसरं वळण म्हणजे आपला अंतराच की, घरापासून लांब नेऊन सोडणारा, म्हणजे मुखड्यावर परतताना बरं वाटावं. आणि सुरुवातीचं ते गोष्टीचं कडवं? ते गायक गाळू लागले. केटी केसी अशी गेली.

आता जे सांगायचं ते नातीला पटकन सांगवलं नाही. अंगणातल्या त्या विक्रीत अशा जुन्या कागदांचा गठ्ठाच होता, त्यात आणखीही काही होते. काळ्या माणसांची अत्यंत हिडीस व्यंगचित्रं असलेले. जाड ओठ, वटारलेले डोळे, हातात कलिंगड. १८९० नंतरची काही वर्षं या गाण्यांचं पेव फुटलं होतं, शिवीसारखा शब्द त्या प्रकाराचं नावच होता. आणि त्याच गाण्यांतून रॅगटाइमची लय घराघरांत शिरत होती. डाव्या हाताने सरळ ठोका, उजवा हात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे आघात देत सम चुकवल्यासारखी करणार, पण चुकवणार नाही. ही लय काळ्या वादकांची. मिसुरीतल्या सिडेलियात स्कॉट जॉप्लिनने ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ साली छापून आणला, त्याला प्रतीमागे एक सेंट मिळत होता. १९११ साली बर्लिनचं ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ काही महिन्यांत दहा लाखांवर खपलं. ऐकून पाहा, नावात रॅगटाइम आहे, गाण्यात फार थोडा. जॉप्लिन १९१७ साली न्यूयॉर्कमध्येच गेला, स्वतःचा ऑपेरा धडपणे रंगमंचावर न पाहता.

२०१९ साली ती पाच घरं वारसावास्तू म्हणून जाहीर झाली, तेव्हा घरमालकाने विरोधात हाच मुद्दा मांडला: इथे अशी वर्णद्वेषी गाणी छापली गेली, त्यांचा कसला वारसा जपता? घरमालकाचे हेतू काय असतील ते असोत, प्रश्न खोटा नाही. पण त्याच आळीत बॉब कोल आणि जॉन्सन बंधूही होते. रोझमंड जॉन्सन चाल लावायचा, जेम्स वेल्डन शब्द लिहायचा. १९०२ चं ‘अंडर द बॅम्बू ट्री’ हे त्यांचं हलकंफुलकं, तुफान चाललेलं गाणं. कोलने सुचवलं की एका जुन्या भक्तिगीताची चाल फिरवून घेऊ, तर रोझमंडला ते पाप वाटलं, मग त्यानेच ती फिरवली. आणि याच दोघा भावांनी १९०० साली ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ केलं होतं, जे काळे अमेरिकन आजही आपलं राष्ट्रगीत मानून उभं राहून म्हणतात. दोन्ही गाणी छापली ती नेकटायवाल्या स्टर्नच्या कंपनीनेच. आळीचा हिशेब एका रकान्यात बसत नाही.

या आळीचा छापील कागद बोटीत बसून मुंबईलाही आला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत, त्यामुळे अमेरिकेतून आलेलं छापील संगीत मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक बघता बघता वाजवू लागले. त्यांतलाच एक अल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, उर्फ चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा तो साहाय्यक. १९५१ च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ आठवा. ती ट्रम्पेटची फेक ऐकली की आमचे वडील म्हणायचे, ‘अण्णांनी काय चाल काढलीय!’ वडिलांना अठ्ठाविसावा रस्ता ठाऊक नव्हता.

आळी पुढे पांगली. प्रकाशक नाट्यगृहांच्या मागोमाग वर सरकले, रेडिओ आला, बोलपट आले. १९२९ साली वॉर्नर ब्रदर्सनी विटमार्क आणि रेमिक ही दोन्ही दुकानं विकत घेतली. दिवाणखान्यातले पियानो झाकणं मिटून फुलदाण्या ठेवायच्या कामी आले.

नातीकडे डिजिटल पियानो आहे. त्यावर ट्रान्सपोज नावाचं एक बटण. बर्लिनचा तो दांडा आता एवढासा झालाय. परवा दुपारी ती शाळेतून यायच्या आधी मी काळी तीनला सा धरला, बटण दाबून पट्टी माझ्या गळ्याला सोयीची केली आणि केटीची दोन्ही कडवी कागदावर देवनागरीत उतरवून बसवली. संध्याकाळी तिला समोर बसवून पहिल्यापासून म्हणायला लागलो. केटी बेसबॉलची वेडी, शनिवार आला, तो पोरगा दाराशी आला. माझे इंग्रजी उच्चार ऐकून ती ओठ दाबून हसत होती. पहिलं कडवं संपत आलं तशी चुळबुळ करायला लागली.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘गाणं कधी सुरू होणार?’